गटवार सरासरीचा आलेख: एरर बार नक्की कशाचा दाखवायचा?

फोंडेकरीण

नमस्कार मंडळी. मी फोंडा तालुक्यात उच्च माध्यमिकला भूगोल शिकवते. बारावीच्या मुलांच्या प्रकल्पासाठी आम्ही पणजी, म्हापसा, वाळपई, सांगे आणि काणकोण या पाच केंद्रांची रोजच्या पावसाची नोंद जमवली आहे. जून ते सप्टेंबर, पाच वर्षांची. तक्त्यात चारच रकाने आहेत: तारीख, केंद्र, तालुका आणि पाऊस मिलिमीटरमध्ये.

मुलांना एकच आलेख हवा आहे. आडव्या अक्षावर महिना, प्रत्येक महिन्यात पाच केंद्रांचे पाच खांब, खांबाची उंची म्हणजे सरासरी पाऊस आणि वर एरर बार, म्हणजे आकडे किती मागे-पुढे होतात ते दाखवणारी उभी रेघ. मी आर ही संगणकीय भाषा वापरते. तिच्या जीजीप्लॉट या आलेखांच्या पॅकेजला सरळ रोजची आकडेवारी देऊन 'स्टॅट समरी' लावलं की एरर बार अगदी बुटके येतात. 'ग्रुप बाय' (गट पाडणं) आणि 'समराइज' (सारांश काढणं) करून सरासरी आणि एसडी (प्रमाण विचलन, म्हणजे नोंदींचं विखुरलेपण) स्वतः काढली, तर तेच एरर बार एवढे लांब होतात की खालचं टोक शून्याच्या खाली जातं. उणे पाऊस कसला दाखवणार? आमच्या एका सहकाऱ्यांनी तेच एक्सेलमध्ये केलं, तिथे सगळ्या खांबांवर एकाच लांबीच्या रेघा आल्या. खांबांची उंची तिन्हीकडे तीच आहे.

यातलं काय दाखवावं? आणखी एक, माझे एरर बार खांबांच्या डोक्यावर न बसता पाचही एकाच ठिकाणी येतात. जाणकारांनी मदत करावी.

पाटो_पायथन

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते आधी देतो. खांब शेजारी शेजारी सरकवायला तुम्ही 'डॉज' दिलंय, ते एरर बारला दिलेलं नाही. दोन्ही थरांना 'पोझिशन डॉज' द्या आणि आकडाही तोच ठेवा, खांबांसाठी साधारण ०.९ असतो. एरर बारची स्वतःची रुंदी कमी ठेवली तरी चालते, पण डॉजचा आकडा वेगळा झाला की रेघा खांबाच्या मध्यापासून सरकतात.

पहिल्याबद्दल: तिन्ही ठिकाणी तीन वेगळ्या गोष्टी मोजल्या जाताहेत. जीजीप्लॉटच्या 'स्टॅट समरी'ला काही सांगितलं नाही तर ते सरासरी अधिक-उणे एक प्रमाण त्रुटी काढतं, म्हणजे एसई. तुम्ही हाताने काढलीत ती एसडी. एसई म्हणजे एसडी भागिले नोंदींच्या संख्येचं वर्गमूळ, त्यामुळे नोंदी वाढतात तशी ती आखडत जाते. मी पायथनमधलं सीबॉर्न वापरतो, त्याचा बार प्लॉट चौथंच काही करतो: ९५ टक्क्यांचा विश्वासांतर (खरी सरासरी बहुधा ज्या मर्यादांत असावी तो पट्टा), तोही बूटस्ट्रॅपने, म्हणजे त्याच नोंदींतून १००० वेळा नमुने घेऊन. म्हणजे एकच आकडेवारी, आणि कुठलं सॉफ्टवेअर उघडलं त्यावर रेघेची लांबी ठरते.

हिशेबनीस_मडगाव

एक्सेलचं मी सांगतो, रोजचं काम आहे. एरर बारच्या यादीत 'स्टँडर्ड एरर' हा पर्याय दिसतो तो बहुतेकांना फसवतो. एक्सेल तुमच्या मूळ नोंदींकडे बघतच नाही. चार्टवर त्या मालिकेत जे खांब उभे आहेत त्या खांबांच्या उंचीवरूनच ते त्रुटी काढतं आणि सगळ्यांना तीच लावतं. म्हणून रेघा सारख्या लांबीच्या. बरोबर रीत अशी: शेजारच्या रकान्यांत प्रत्येक गटाची एसडी आणि संख्या काढायची, त्यावरून एसई काढायची आणि एरर बारच्या 'कस्टम' पर्यायात तो पट्टा द्यायचा. एसडीसाठी शेवटी 'एस' असलेलं सूत्र घ्या, 'पी' असलेलं नको. पहिल्यात भागाकार संख्या वजा एकने होतो, दुसऱ्यात पूर्ण संख्येने.

बाकी एक्सेलमध्ये पिव्होट टेबल (गटवार सारांशाचा तयार तक्ता) असताना आर शिकायची गरज काय, हे मला अजून कळलेलं नाही. पाच केंद्रं, चार महिने. पाच मिनिटांचं काम.

वाळपयकार

आमच्या वाळपईचं नाव निघालं म्हणून लिहितोय. खांबांत वाळपई पणजीपेक्षा उंच आली नाही तर आकडेवारी तपासा :) सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस आणि किनाऱ्याचा पाऊस वेगळाच.

आकडेमोडी

संख्याशास्त्र हा माझा विषय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. फोंडेकरीण बाई, एसडी की एसई हा प्रश्न नंतरचा आहे. त्याच्या आधीचा प्रश्न कुणी विचारलेला नाही: तुमच्या एका खांबामागे एक नोंद म्हणजे काय? एक दिवस की एक वर्ष?

तुम्ही रोजची आकडेवारी तशीच दिलीत. म्हणजे वाळपईच्या जुलैमागे ३१ गुणिले ५ = १५५ नोंदी झाल्या. एसई काढताना १५५ च्या वर्गमूळाने, सुमारे १२.४ ने, भागलं गेलं. म्हणून रेघा बुटक्या. पण हे १५५ दिवस एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की चार-पाच दिवस सलग कोसळतो, मग ओढ बसते. पहिल्या दिवसाचा पाऊस दुसऱ्या दिवसाबद्दल बरंच सांगून जातो. सॉफ्टवेअरला हे माहीत नसतं, ते १५५ स्वतंत्र साक्षीदार समजून चालतं.

पावसाच्या बाबतीत लोकांना 'जुलैत किती पडतो' हे हवं असतं, म्हणजे महिन्याची बेरीज. तेव्हा पायऱ्या दोन. आधी केंद्र, वर्ष आणि महिना असा गट करून रोजच्या पावसाची बेरीज. मग केंद्र आणि महिना असा गट करून त्या पाच बेरजांची सरासरी. आता एका खांबामागे पाच नोंदी आहेत, आणि रेघ सांगते की एका वर्षाचा जुलै दुसऱ्या वर्षाच्या जुलैपेक्षा किती वेगळा असतो.

उदाहरण घेऊ, आकडे कल्पित आहेत. समजा एका केंद्रावर पाच वर्षांचे जुलै ८२०, ११४०, ९६०, १३१० आणि ७७० मिमी. सरासरी बरोबर १०००. एसडी २२५. एसई १०१. पाच नोंदींसाठी ९५ टक्के विश्वासांतर काढायला एसईला २ ने नव्हे तर २.७८ ने गुणावं लागतं, म्हणजे अधिक-उणे २७९. एकाच खांबावर तीन रेघा शक्य आहेत: ७७५ ते १२२५, ८९९ ते ११०१, ७२१ ते १२७९. तिन्ही बरोबर, तिन्हींचा अर्थ निराळा. खाली लिहिलं नसेल तर वाचणाऱ्याला ओळखायचा मार्गच नाही. मी विद्यार्थ्यांचे असे आलेख परत पाठवतो.

केप्याचो_चलो

सर, 'दोन पायऱ्या' आर मध्ये नेमक्या कशा लिहायच्या? मी एमएस्सीला आहे, माझ्याही प्रबंधात हेच आहे, फक्त पावसाऐवजी मातीचे नमुने.

पाटो_पायथन

@केप्याचो_चलो, ग्रुप बाय (केंद्र, वर्ष, महिना), समराइज (बेरीज). मग पुन्हा ग्रुप बाय (केंद्र, महिना), समराइज (सरासरी, एसडी, संख्या). डीप्लायरमध्ये (ग्रुप बाय आणि समराइज ज्यात आहेत ते आरचं पॅकेज) एक लक्षात ठेव: समराइज केल्यावर फक्त शेवटचा गट सुटतो, आधीचे तसेच राहतात. म्हणजे पहिल्या पायरीनंतर तक्ता अजून केंद्र आणि वर्षाच्या गटांतच असतो. दुसरा ग्रुप बाय लिहिलास की जुने गट पुसले जातात, ते ठीक. पण मधेच टक्केवारी किंवा क्रमांक काढायला गेलास तर ते गटागटाने निघतील आणि तू डोकं खाजवत बसशील. 'अनग्रुप' लिहायची सवय लाव.

बाभूळकाटा

आमच्याकडे विद्यापीठात स्टेटा हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर चालायचं. तिथे 'ग्राफ बार' आणि 'ओव्हर' लिहिलं की सरासरीचे खांब लगेच तयार, पण एरर बार नाहीत. ते हवे असतील तर 'कोलॅप्स' करून सरासरी, एसडी, संख्या काढायची आणि मग 'ट्वोवे'मध्ये खांबांवर 'आरकॅप' चढवायचं. कोलॅप्स मूळ आकडेवारी स्मृतीतून पुसून तिथे सारांश ठेवतं, त्यामुळे आधी 'प्रिझर्व्ह' आणि शेवटी 'रिस्टोअर'. त्या सक्तीचा एक फायदा होता. सारांशाचा तक्ता डोळ्यांसमोर यायचा, तो वाचल्याशिवाय पुढे जाता येत नसे. 'स्टॅट समरी'त तो तक्ता कधी दिसतच नाही.

हिशेबनीस_मडगाव

बाभूळकाटा, तेच तर पिव्होट टेबलचं बळ. तक्ता समोर असतो.

आकडेमोडी

हिशेबनीस बाब, तक्ता समोर असणं यावर पूर्ण सहमत. पण तुमच्या पिव्होटमध्ये आधी वर्षवार बेरीज आणि मग तिची सरासरी हे एका टप्प्यात होत नाही. पहिल्या पिव्होटवर दुसरा पिव्होट बांधावा लागतो, आणि मूळ नोंदीत एक दुरुस्ती झाली की दोन्ही ताजे करायची आठवण ठेवावी लागते. लिहिलेल्या आज्ञा असल्या की पुढच्या वर्षीची मुलं सहाव्या वर्षाचे आकडे घालून तेच पुन्हा चालवू शकतात.

खारवी_बेतूल

आमच्या मासळीच्या आकड्यांतही हीच गोम आहे, म्हणून लिहितो. समजा ट्रॉलरच्या ४ फेऱ्या, सरासरी ९०० किलो. लहान होड्यांच्या ३६ फेऱ्या, सरासरी ६० किलो. कुणीतरी दोन सरासऱ्यांची सरासरी काढून 'फेरीला ४८० किलो' असं लिहितो. खरं गणित: ३६०० अधिक २१६०, भागिले ४०, म्हणजे १४४ किलो. ४८० च्या आसपास मासळी आणणारी बोट यात एकही असेलच असं नाही. गटांची संख्या सारखी नसेल तर सारांशावर सारांश करताना वजन द्यायलाच हवं.

फोंडेकरीण

मनापासून आभार. आकडेमोडी सरांच्या दोन पायऱ्या मुलांकडून करून घेतल्या. आता एक नवीन अडचण. सांग्याच्या एका वर्षाचा ऑगस्ट एकदम कमी आला. मूळ तक्ता बघितला तर त्या महिन्यात बरेच दिवस कोरे आहेत. बेरजेत 'एनए (म्हणजे कोऱ्या नोंदी) काढून टाक' असं सांगितलं होतं.

पाटो_पायथन

हाच तो सापळा. सरासरी काढताना कोरे दिवस वगळले तर थोडं चालतं, कारण भागाकारही कमी दिवसांनी होतो. बेरजेत कोरा दिवस वगळणं म्हणजे त्या दिवशी शून्य पाऊस पडला असं ठरवणं. त्याहून वाईट म्हणजे पूर्ण महिना कोरा असला तरी आर बेरीज शून्यच देतं, कुठलीही तक्रार न करता. पायथनच्या पांडाजमध्येही सगळे कोरे असले तर बेरीज शून्यच येते. तिथे 'मिन काउंट' १ दिलं की कोरं उत्तर मिळतं. ग्रुप बायचं आणखी एक: ज्या रकान्यावर गट करताय त्यातच कोरं असेल, म्हणजे केंद्राचं नाव लिहायचं राहिलं असेल, तर पांडाज त्या ओळी मुकाट्याने टाकून देतं. आर त्यांचा वेगळा 'एनए' गट करून दाखवतं, ते मला बरं वाटतं.

खारवी_बेतूल

कोरं आणि शून्य यांतला फरक आमच्याकडे दरवर्षी येतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारीला बंदी, ६१ दिवस. त्या दोन महिन्यांत ट्रॉलर समुद्रात जात नाहीत. 'फेरीला किती मिळालं' याचं उत्तर जूनमध्ये शून्य नाही, प्रश्नच लागू नाही. पण 'महिन्याला धक्क्यावर ट्रॉलरची मासळी किती उतरली' असं विचारलं तर शून्य बरोबर आहे. एकच कोरी जागा, प्रश्न बदलला की अर्थ बदलतो. आलेखात जूनचा खांबच नाहीसा झाला तर वाचणाऱ्याला वाटतं वर्ष दहा महिन्यांचं. अक्षावर जून-जुलै ठेवावेत आणि तिथे 'बंदी' लिहावं.

पाटो_पायथन

खारवी बाब, अगदी. रिकामा गट अक्षावर ठेवायला जीजीप्लॉटच्या डिस्क्रीट स्केलमध्ये 'ड्रॉप फॉल्स' द्यावं लागतं, आणि डीप्लायरच्या ग्रुप बायमध्येही तसाच पर्याय आहे. महिना मात्र 'फॅक्टर' हवा, क्रम ठरवून दिलेला. नाहीतर इंग्रजी नावं वर्णानुक्रमे लागतात आणि एप्रिलच्या शेजारी ऑगस्ट बसतो.

डिचोली_वाचक

अवांतर: मानकुराद आंबा डझनाला कितीने चाललाय यंदा? हंगामाच्या सुरुवातीचा भाव आणि मे अखेरचा भाव यांची सरासरी काढून कुणी 'गोव्यात मानकुराद अमुक रुपये' असं छापलं तर गिऱ्हाईक आणि बागायतदार दोघेही भांडायला येतील.

वाळपयकार

त्या सरासरीच्या भावाने आंबा मिळाला तर मला आधी सांगा :)

मोगरीचें_फूल

वाचते आहे, छान चाललाय धागा. मी संख्याशास्त्राची नाही, पण आलेख छापणाऱ्या बाजूची आहे. वेगळं मत मांडते: खांबच नकोत. पाच वर्षांचे पाचच आकडे आहेत ना एका खांबामागे? मग ते पाच ठिपके सरळ दाखवा आणि सरासरीला एक आडवी रेघ द्या. खांबाचा रंगवलेला भाग शून्यापासून सरासरीपर्यंत भरलेला असतो आणि नजर तिथेच अडकते, आकडेवारी तर वरच्या टोकाच्या आसपास विखुरलेली असते. ठिपके दिसले की सांग्याचा तो अर्धवट ऑगस्ट मुलांना तक्ता न उघडताही दिसला असता.

बाभूळकाटा

+१. फ्रान्सिस ॲन्स्कोमने १९७३ मध्ये चार छोटे संच मांडले होते, प्रत्येकी ११ बिंदूंचे. चारही संचांत क्षची सरासरी ९, यची ७.५०, सहसंबंध ०.८१६. काढून बघितलं तर एक साधारण सरळ रेषेत, एक वक्र, एक सरळ रेषेत पण एक बिंदू भलताच वर, आणि एकात सगळे बिंदू एका उभ्या रेघेत, फक्त एक लांब. सारांश सारखा, आकडेवारी चार तऱ्हांची.

हिशेबनीस_मडगाव

ठिपके मान्य, पण पालकसभेत आलेख भिंतीवर लावला की खांब सगळ्यांना कळतात. ठिपक्यांसमोर लोक विचारतात 'हे काय?' आपण आलेख कोणासाठी काढतो याचाही विचार हवा.

मोगरीचें_फूल

हिशेबनीस दादा, दोन्ही एकत्र चालतात. फिकट खांब, त्यावर गडद ठिपके. एकमेकांवर येत असतील तर 'जिटर'ने आडवे थोडे विखुरायचे, उभे मात्र अजिबात नाही, नाहीतर पाऊसच बदलतो.

आकडेमोडी

मोगरीचें फूल यांच्याशी मी सहमत आहे. पाच नोंदींवर बॉक्सप्लॉट काढण्याचा मोह मात्र टाळा. पाच आकड्यांतून चतुर्थकं (क्रमाने लावलेल्या आकड्यांचे चार सारखे भाग करणाऱ्या किमती) काढायची आणि त्यांची पेटी करायची, त्यापेक्षा ते पाच आकडे दाखवलेले बरे. चतुर्थकं काढायच्या पद्धतीही अनेक आहेत. आर मध्ये नऊ प्रकार आहेत, न सांगितल्यास सातवा. लहान संचावर वेगवेगळ्या सॉफ्टवेअरच्या पेट्या वेगळ्या येतात त्या यामुळेच.

रोजच्या पावसासाठी मात्र बॉक्सप्लॉटला जागा आहे. रोजचा पाऊस एका बाजूला कललेला असतो: पुष्कळ दिवस थोडा, मोजके दिवस प्रचंड. बाईंचा उणे पाऊस तिथूनच आला. एसडी सरासरीएवढी किंवा तिच्याहून मोठी झाली की 'सरासरी उणे एसडी' शून्याच्या खाली जाणारच. अशा आकड्यांना दोन्ही बाजूंना सारखी रेघ शोभत नाही, तिथे मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) आणि चतुर्थकं सांगावीत.

वाळपयकार

मध्यकाला माझा विरोध आहे. मी शेतीच्या बाजूने बोलतो. अंजुणे आणि साळावली धरणांत मध्यक भरत नाही, बेरीज भरते. सरासरीला दिवसांनी गुणलं की महिन्याचं पाणी परत मिळतं, मध्यकाला गुणून काहीच मिळत नाही. जे दोन-तीन दिवस २०० मिमी ओततात तेच तर धरण भरतात, आणि मध्यक नेमकं त्यांच्याकडेच बघत नाही.

आकडेमोडी

वाळपयकार, हा मुद्दा पटला आणि मला तो फार मोलाचा वाटतो. पाण्याचा हिशेब असेल तर सरासरीच. 'सर्वसाधारण दिवस कसा असतो' हा प्रश्न असेल तर मध्यक. तिसरा प्रश्न 'किती दिवस कोसळतो', त्याला दोन्ही नकोत, सरळ दिवस मोजावेत. हवामान खात्याच्या व्याख्या तयार आहेत: २.५ मिमी किंवा जास्त झाला तर पावसाचा दिवस, ६४.५ पासून ११५.५ पर्यंत जोरदार, ११५.६ ते २०४.४ अति जोरदार, त्याच्या वर अत्यंत जोरदार. प्रत्येक केंद्रावर महिन्यात असे किती दिवस आले, याचा आलेख मुलांना जास्त बोलका वाटेल.

केप्याचो_चलो

मधेच विचारतो. दोन केंद्रांच्या एरर बारच्या रेघा एकमेकींवर आल्या तर 'फरक नाही' असं लिहायचं ना? आमच्या प्रयोगशाळेत सगळे तसंच लिहितात.

आकडेमोडी

नाही. रेघा कशाच्या आहेत त्यावर आहे. ९५ टक्क्यांच्या दोन स्वतंत्र विश्वासांतरांची टोकं नुसती टेकत असली तर फरक बऱ्यापैकी ठोस असतो, पी (खरा फरक नसताना योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) साधारण ०.०१ च्या खाली. थोडी एकमेकांवर आली तरी फरक असू शकतो. उलट एसईच्या रेघा एकमेकींना शिवत नसल्या, तरी फरक सिद्ध होत नाही. एसडीच्या रेघांवरून तर हा प्रश्न विचारूच नये, त्या विखुरलेपण सांगतात.

पावसाच्या बाबतीत तर आणखी एक वेगळी गोष्ट आहे: वाळपई आणि पणजी एकाच वर्षी एकाच मोसमाखाली असतात. चांगल्या वर्षी दोन्हीकडे जास्त, ओढीच्या वर्षी दोन्हीकडे कमी. तेव्हा वर्षवार जोड्या लावून वजाबाकी करायची आणि त्या पाच वजाबाक्यांचा आलेख काढायचा. वेगवेगळ्या एरर बारमधून हा फरक दिसतच नाही.

दूधसागर_उतार

उशिरा येतोय. सगळ्यांनी 'तालुका' हा रकाना सोडूनच दिलाय! फोंडेकरीण ताई, तालुकावार गट करणार असाल तर जुनी आकडेवारी जोडताना सांभाळा. धारबांदोडा तालुका २०११ च्या जनगणनेनंतरचा. त्या जनगणनेत गोव्याचे ११ तालुके आहेत, आता १२. धारबांदोड्यातली बरीच गावं जुन्या कागदांत सांग्याखाली मिळतील. तुमचा फोंडा २०१५ मध्ये उत्तर गोव्यातून दक्षिण गोव्यात गेला. जिल्हावार सरासरी काढली तर २०१४ आणि २०१५ च्या मध्ये पाऊस न बदलताच दक्षिणेचा खांब हलेल.

शिवाय नावांचे अवतार. बार्देश, बार्देज, बारदेस. सासष्टी, साष्टी. ग्रुप बायला हे तीन आणि दोन वेगळे तालुके वाटतात. रोमन लिपीतून आलेल्या फायलींत तर विचारूच नका. आधी प्रत्येक नावाच्या किती नोंदी आहेत ते मोजून यादी बघायची, मग गट करायचे. आणि एका तालुक्यात एकच केंद्र असेल तर त्याला 'सत्तरीचा पाऊस' म्हणू नका, 'वाळपई केंद्राचा' म्हणा.

वाळपयकार

ह्या शेवटच्या वाक्याला माझं अनुमोदन. वाळपईत धो धो आणि सत्तरीतल्याच ठाणे गावात नुसती भुरभुर, असे दिवस आम्ही बघतो.

डिचोली_वाचक

तारखेचंही बघा. पर्जन्यमापकाची नोंद सकाळी साडेआठला घेतात, मागच्या २४ तासांची. १ जुलैच्या नावावर जे पाणी आहे त्यातलं पुष्कळसं ३० जूनला पडलेलं असतं. महिन्याच्या गटात याने फार फरक पडत नाही, पण वर्तमानपत्रातल्या 'काल एवढा पडला' या बातमीशी ताळा घ्यायला गेलात तर एक दिवस सरकलेला दिसेल.

फोंडेकरीण

किती शिकायला मिळतंय! तालुका काढून केंद्रच ठेवलं. फिकट खांब आणि ठिपके अशी आवृत्ती मुलांनी केली, एकेका केंद्राची वेगळी चौकट. आता दोन गोष्टी. उभा अक्ष १२०० पर्यंतच हवा म्हणून 'वाय लिम' दिलं तर वाळपईची सरासरीच कमी झाली! आणि मराठी नावं आलेखात विस्कटतात, 'डिचोली'सारख्या शब्दाची वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते.

पाटो_पायथन

पहिलं: 'वाय लिम' मर्यादेबाहेरचे ठिपके आधी टाकून देतं आणि उरलेल्यांची सरासरी काढतं. तांबड्या अक्षरांत इशारा येतो, पण लोक तो वाचत नाहीत. नुसतं जवळून बघायचं असेल तर 'कोऑर्ड कार्टेशियन'मध्ये मर्यादा द्यायची, ते गणिताला हात लावत नाही. पण खांब असताना अक्ष शून्यापासूनच हवा, आणि वरचे ठिपके कापू नका, तेच तुमचे मुसळधार जुलै आहेत. चौकटींचा अक्षही सगळ्यांना एकच ठेवा. 'फॅसेट'ला 'फ्री' केलं की पणजी आणि वाळपई एकाच उंचीची दिसतात.

दुसरं: आर मध्ये चित्र साठवताना 'रॅग' पॅकेजचं उपकरण निवडा आणि देवनागरी फाँट द्या, ते जोडाक्षरं नीट जुळवतं. आमच्या मॅटप्लॉटलिबमध्ये हे दुखणं जुनं आहे, मी 'एमपीएलकैरो' वापरून बार्देशचा रफार जागेवर आणला.

मोगरीचें_फूल

वेलांटी जागेवर नसलेला आलेख मराठी मुलांच्या प्रकल्पात जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. हे सांगितल्याबद्दल पाटो यांचे आभार. वाचनखूण साठवली.

हिशेबनीस_मडगाव

पाच चौकटी, ठिपके, दोन पायऱ्या... मान्य करतो, हे पिव्होटमध्ये पाच मिनिटांत होणार नाही. बाई, तुमच्या आज्ञांची फाइल इथे चिकटवाल का? माझ्या पुतणीला देतो.

फोंडेकरीण

जरूर, मुलांनी नीट टिपा लिहिल्या की चिकटवते. एरर बारचं असं ठरलं: पाचही वर्षं ठिपक्यांत दिसत असल्यामुळे ते काढून टाकले. आलेखाखाली मुलांनी हा मजकूर लिहिलाय, बघा बरं:

'प्रत्येक ठिपका म्हणजे त्या केंद्रावर एका वर्षातल्या त्या महिन्याचा एकूण पाऊस, मिलिमीटरमध्ये. खांब म्हणजे पाच वर्षांच्या बेरजांची सरासरी. सर्व चौकटींना एकच अक्ष.'

आकडेमोडी

फार छान, आणि इथे एरर बार न दाखवण्याचा निर्णय योग्य आहे. दोन वाक्यं जोडा. किती दिवस कोरे असले तर महिना गाळला, ते. आणि त्या नियमाने कुठल्या केंद्राचा कुठला महिना गळला, ते. सांग्याच्या चौकटीत ऑगस्टला चारच ठिपके दिसतील, बघणारा पहिला प्रश्न तोच विचारेल.

फोंडेकरीण

जोडलं: 'ज्या महिन्यात तीनपेक्षा जास्त दिवसांची नोंद नाही तो महिना धरलेला नाही. त्यामुळे सांगे केंद्राचा एक ऑगस्ट गाळला आहे, तिथे सरासरी चार वर्षांची आहे.' पावसाच्या दिवसांचा दुसरा आलेख मुलं पुढच्या आठवड्यात घेताहेत. त्यात २.५ मिमीची अट लावताना कोरे दिवस 'कोरडे' मोजले जाऊ नयेत, हे त्यांनी न सांगता आधीच ओळखलं.

खारवी_बेतूल

शाबास मुलांनो!